कापूस केंद्रावर नेण्याआधी



सीतादही झाले, पहिली वेचणी घरात आली, की कापूसवाल्या प्रत्येक घरात एकच बोलणे सुरू होते. आत्ताच विकायचा, की थांबायचे? खेडा खरेदीवाला दारात काटा लावून उभा असतो. हातात रोख पैसे असतात आणि दिवाळी तोंडावर आलेली असते. घरची बाई म्हणते, "सरकारी केंद्रावर भाव जास्त आहे म्हणतात, तिकडंच न्या." घरधनी म्हणतो, "आणि तिथं दोन दिवस गाडीखाली कोण झोपणार?" दोघांचेही खरे असते. म्हणून आज याच विषयावर बोलू.

आधी भावाचे समजून घ्या. कापूस आपल्या शिवारातला असला तरी त्याचा भाव गावात ठरत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडची रुई मिळेना, तेव्हा मुंबईच्या बाजारात आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले आणि तो भाव तसाच कोसळला. आपल्या पणजोबांना अमेरिका कुठे आहे हे ठाऊक नसेल, पण तिचा फटका त्यांनाही बसला.

आजही तेच आहे. परदेशी रुईवर फेब्रुवारी २०२१ पासून ११ टक्के आयात शुल्क होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, त्यामुळे कपडे निर्यात करणारे अडचणीत आले. त्याच महिन्यात केंद्र सरकारने रुईवरचे शुल्क माफ केले आणि ही माफी पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. गिरणीवाल्यांची अडचण खोटी नव्हती. पण नेमके हेच महिने आपल्या वेचणीचे! बंदरात स्वस्त रुई उतरत असेल, तर व्यापारी आपल्या दारात चढा भाव कशाला देईल?

अशा वेळी आधार उरतो तो हमीभावाचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८११० रुपये ठरला होता. हा आकडा दर हंगामाला बदलतो, म्हणून विकण्याआधी चालू हंगामाचा भाव विचारून घ्या. मात्र हमीभाव जाहीर झाला म्हणजे तो आपोआप खिशात पडला, असे नाही. तो केंद्राच्या फाटकातून आत जाणाऱ्यालाच मिळतो.

हे केंद्र असते तरी काय? खरेदी करते १९७० साली स्थापन झालेले भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे आपण ज्याला सीसीआय म्हणतो ते. महामंडळ निविदा काढून खासगी जिनिंग कारखान्यांशी करार करते. तुमचा कापूस त्याच जिनाच्या आवारात मोजला जातो, तिथेच त्याची सरकी वेगळी होते आणि गाठी बांधल्या जातात. पुढे महामंडळ त्या गाठी लिलावाने गिरण्यांना व व्यापाऱ्यांना विकते. म्हणून एक लक्षात ठेवा. जागा जिनवाल्याची असली तरी खरेदीदार महामंडळ आहे. माल घ्यायचा की नाही, हे महामंडळाच्या ग्रेडरने सांगायचे, फाटकावर उभ्या असलेल्या कुणीही नाही.

आता मुख्य मुद्दा ओलाव्याचा. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव मिळतो. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कापतात. १२ च्या वर गेला की माल घेतच नाहीत. ८११० च्या भावाने हिशेब करा. १० टक्के ओलावा असेल तर क्विंटलमागे १६२ रुपये जातात आणि १२ टक्के असेल तर ३२४. वीस क्विंटलला हे सुमारे साडेसहा हजार होतात. एवढ्यात लेकरांची वर्षाची वह्यापुस्तके येतात.

मागे एका हंगामात आमच्या शेजारच्या घरातला अठरा क्विंटल कापूस केंद्रावर गेला. यंत्रात ओलावा चौदा आला. गाडीभाडे डोक्यावर, घरी परत नेण्याची उमेद नाही. फाटकाबाहेरच्या व्यापाऱ्याने हे बरोबर हेरले आणि पडेल भावात कापूस घेतला. घरी आल्यावर वहिनी एवढेच म्हणाल्या, "चार दिवस उन्हात घातला असता तर?" त्यांना कुणी उत्तर दिले नाही. उत्तर नव्हतेच.

ओलावा येतो वेचणीतून. दव सुकायच्या आधी वेचलेला कापूस ओलाच असतो. पण वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे पहाटे वेचले तर बायांचे वजन भरते. त्यांना दोष देऊ नका. उशिरा वेचायला सांगायचे असेल तर किलोमागे दर थोडा वाढवून द्या. तो पैसा केंद्रावर वसूल होतो. वेचलेला कापूस ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा. कवडी आणि पावसात भिजलेला माल वेगळा ठेवा. खताच्या गोण्यांत भरू नका, त्यांचे धागे रुईत जातात. वजन वाढावे म्हणून पाणी मारण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

कागदांचेही तसेच. २०२५-२६ च्या हंगामात विक्रीची नोंदणी 'कपास किसान' या मोबाईल ॲपवर घेतली गेली. सातबाऱ्यावर यंदाच्या कापसाची नोंद, आधारकार्ड आणि आधारशी जोडलेले बँक खाते या गोष्टी लागतात. ई-पीक पाहणी राहून गेली की सातबारा कोरा राहतो आणि पुढे सगळे अडते. घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलीला हे काम वेळेत करायला सांगा. जमीन बाईच्या नावावर असेल तर नोंदणी तिच्याच नावाने करा. चुकारा तिच्या खात्यात येऊ द्या. एकरी किती कापूस घेतात, तेही आधी विचारून ठेवा.

केंद्रावर ओलावा डोळ्यांसमोर मोजायला सांगा. पावतीवर वजन, ओलावा, कपात आणि भाव वाचल्याशिवाय फाटक सोडू नका. माल परत केला तर घाबरून फाटकाबाहेर विकू नका. गाडी घरी आणा, कापूस वाळवा आणि पुन्हा न्या. भाड्याचे पैसे जातील, पण आधी हिशेब करा. बहुतेक वेळा पडेल भावात विकण्यापेक्षा ते भाडे स्वस्त पडते.

१९७२ साली महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी सुरू झाली. तेव्हा आमचे वडील बैलगाडी घेऊन दोन-दोन रात्री रांगेत असायचे आणि चुकाऱ्याची वाट पाहायचे. ती योजना मागे पडली, पण रांग काही संपली नाही. अमेरिकेचा कर आणि दिल्लीचे शुल्क आपल्या हातात नाही. दव सुकल्यावर वेचणे, चार दिवस ऊन देणे आणि पावती वाचणे मात्र आपल्या हातात आहे. यंदा तेवढे तरी सोडू नका.