टोळीच्या शाखेला मान्यता कोण देते?

गुन्हेगारी टोळ्यांची चर्चा होते ती खून, चकमकी आणि खटले यांच्या अंगाने. टोळी ही एक संघटना असते, तिच्या शाखा असतात, शाखेला जमाखर्च असतो आणि एकेकाळी युनियनच्या कचेरीला वस्तीत जे स्थान होते तशा प्रकारचे स्थान ही शाखा मिळवू शकते, ही बाजू सहसा दृष्टीआड राहते. चळवळीच्या कार्यकर्त्याला मात्र तीच अधिक महत्त्वाची वाटावयास हवी. मुंबईच्या गिरणगावात टोळ्यांनी जी जागा व्यापली ती रिकामी कशी झाली, या प्रश्नाशी ती निगडित आहे.

'दादा' गिरणगावाला नवा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणीतील भरती जॉबरच्या हाती असे. नोकरी त्याच्या शब्दाने, पुष्कळदा खोली आणि उधारीही त्याच्याच शब्दाने. तालमीतील दादा हा या सत्तेचा वस्तीतला जोडीदार. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाने आणि गिरणी कामगार युनियनच्या गिरणी समित्यांनी तिला पहिला मोठा हादरा दिला. कामगाराची तक्रार समितीपुढे येऊ लागली. दादा नाहीसा झाला नाही, परंतु प्रत्येक गोष्टीसाठी त्याचे तोंड पाहण्याची गरज उरली नाही.

हे सारे उलटे फिरले ते १९८२ नंतर. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता होती ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि कामगारांचा विश्वास होता सामंतांवर. कायद्याची मान्यता आणि लोकमान्यता यांची फारकत इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसली असेल. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही; तो विरून गेला आणि हजारो कामगार पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. संपाने टोळ्या जन्माला घातल्या असे म्हटले जाते ते अर्धसत्य होय. टोळ्या आधीही होत्या. संपाने त्यांना मिळवून दिली ती बेकार बापांची वयात आलेली मुले.

भरती झाली, तरी वस्तीची मान्यता तेवढ्याने मिळत नाही. ती मिळते निवाड्यातून. घरमालक पागडीवरून अडवतो, पोटभाडेकरू खोली सोडीत नाही, उधारी बुडते, नवरा दारू पिऊन मारहाण करतो: न्यायालयात यांना वर्षे लागतात, पोलीस चौकीत दाद लागत नाही. भायखळ्याच्या दगडी चाळीत अरुण गवळीच्या दरबारात तंटे संध्याकाळपर्यंत मिटत, आणि लोक त्याला 'डॅडी' म्हणत. नवरात्राचा उत्सव थाटाने होई. आपल्या गल्लीत चोरी नाही, आयाबहिणींची छेड नाही, ही शिस्त. खंडणी गल्लीबाहेरच्या दुकानदाराकडून आणि बिल्डरकडून. ज्या वस्तीला संरक्षण मिळते तिला दुसऱ्या वस्तीच्या लुटीविषयी फारसे ममत्व वाटत नाही. ही मान्यता खरी असते, पण फार संकुचित असते.

शाखेला दुसरी मान्यता लागते ती वरून. टोळीचे नाव हेच तिचे भांडवल, आणि ते कोणी वापरावे हे मध्यवर्ती म्होरके ठरवतात. शिकागोतील एका टोळीच्या चार वर्षांच्या हिशेबाचे कागद सुधीर व्यंकटेश या समाजशास्त्रज्ञाच्या हाती आले, आणि स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञासह त्यांनी २००० साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून या व्यवहाराचा सांगाडा दिसतो. शाखाप्रमुख मिळकतीचा ठरावीक हिस्सा वर पाठवी. बदल्यात त्याला नाव, हद्द, संरक्षण आणि माल मिळे. त्याची कमाई वर्षाला सुमारे १ लाख डॉलर होती. कोपऱ्यावर उभे राहून अमली पदार्थ विकणाऱ्या पोराला तासाला सरासरी ३ डॉलर ३० सेंट पडत. त्या काळच्या किमान वेतनापेक्षाही हे कमीच. चार वर्षांत त्याला मरण येण्याची शक्यता मात्र चारात एक! पुष्कळ पोरे पोटासाठी दुसरीकडेही मजुरी करीत. ज्या संघटनेत मजूर इतका स्वस्त आणि मालक इतका सुरक्षित, तिला गरिबांचे बंड मानणारे काही मित्र आहेत. त्यांनी हा ताळेबंद अवश्य पाहावा.

गिरणगावात मालकशाहीशी असलेले हे नाते उघड झाले ते गिरण्यांच्या जमिनींवरून. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्यांच्या विक्रीची वाट खुली केली, आणि कामगारांना गप्प बसवू शकेल अशा माणसांना भाव आला. १९९४ मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव यांचा महालक्ष्मीला भर रस्त्यात खून झाला. त्यामागे टोळ्यांची आपसांतील स्पर्धा होती. १६ जानेवारी १९९७ रोजी भाडोत्री मारेकऱ्यांनी दत्ता सामंतांचा बळी घेतला. निवाडा करणाऱ्या टोळीला जमिनीच्या प्रश्नात मात्र कामगाराची बाजू कधी दिसली नाही.

२००४ मध्ये गवळी चिंचपोकळीतून विधानसभेवर निवडून आला. २००७ मध्ये नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांचा खून झाला, आणि त्या प्रकरणी २०१२ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २००४ ची मते सगळी दहशतीची होती, असे समजून पुष्कळांनी त्या वेळी स्वतःचे समाधान करून घेतले. मतदारांत अशीही कुटुंबे होती की ज्यांची खोली दरबारातील शब्दाने वाचली होती. तीच कुटुंबे एका पिढीपूर्वी लाल बावट्याच्या कचेरीत जात असत. पुढे युनियनने पगार आणि बोनस एवढ्यालाच लढा मानले, पागडीचे आणि नळाचे भांडण क्षुल्लक ठरवले, आणि संध्याकाळी कचेरीला कुलूप लागू लागले. त्या कुलपाला जबाबदार कोणीही टोळीवाला नव्हता.