जमिनीवरून उठवत नाही? कॅल्शियम तपासून घ्या

आमची आई पंगतीतून उठताना आधी भिंत धरायला लागली. मग पाट जाऊन खुर्ची आली. एसटीत चढताना दोन्ही हातांनी दांडा धरायची, वेणी घालताना हात मध्येच खाली यायचे. "वय झालं गं आता." आम्हीही दोन वर्षं तेच म्हणत राहिलो आणि वर दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या आणून दिल्या. तपासलं तेव्हा तिच्या रक्तात कॅल्शियम १२ च्या वर होतं. साधारण साडेदहाच्या आत हवं.

म्हणून कळकळीने सांगते, मनाने कॅल्शियम सुरू करू नका. आधी रक्त तपासा.

दुखण्याचं मूळ तिच्या मानेत होतं. थायरॉइडच्या मागे बहुतेकांना तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. एखादीत गाठ झाली की ती पीटीएच हे संप्रेरक सोडतच राहते, हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं, आणि मांड्या-खांद्यांतली ताकद जाते. पुष्कळदा मुतखडा, हाडदुखी, बद्धकोष्ठता, सारखी तहान यांवरून संशय येतो. क्वचित मात्र अशक्तपणाच आधी दिसतो, आणि तो वयाच्या नावावर खपून जातो. थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका, त्यात या ग्रंथी तपासल्याच जात नाहीत. आम्ही तिथेच फसलो.

पाय गळण्याची कारणं अनेक. डी जीवनसत्त्वाची कमतरता तर आपल्याकडे घरोघरी. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, क्रिएटिनिन, डी जीवनसत्त्व पाहायचं का? कॅल्शियम जास्त निघालं तर पीटीएच तपासायला लावा.

पॅराथायरॉइडच्या गाठीवर इलाज आहे. १९२५ साली व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी अशी गाठ काढली आणि हाडं ठिसूळ झालेला ट्रामवरचा एक कामगार पुन्हा चालू लागला. आज अनुभवी सर्जनच्या हातून ही शस्त्रक्रिया बहुतेकांची यशस्वी होते.

आज रात्री जेवणं झाल्यावर घरातल्यांकडे नीट बघा. उठताना कुणाचा हात गुडघ्यावर, भिंतीवर जातोय का? जात असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. सोबत उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं असेल तर सकाळची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा.