गेटची किल्ली कोणाकडे आहे?

काशीदला भूकंपाचा विषय काढला की हमखास उत्तर येतं, "आपल्याला काय, पळायला एवढा मोठा किनारा आहे!" हे उत्तर जीवघेणं आहे. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा थेट मुंबईपर्यंत पोचल्या. मोठा धक्का बसला की समुद्राकडे नाही, उंचावर पळायचं असतं. मोकळी जागा आणि सुरक्षित जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शहरातल्या विद्यापीठांच्या हिरवळीबद्दल आपण हीच गफलत करतो. पुणे विद्यापीठाचा परिसर सुमारे ४११ एकरांचा. मुंबई विद्यापीठाचं कलिना संकुल २०० एकरांहून मोठं आणि भोवती दाट वस्ती. एवढी जागा आहे, मग काळजी कसली?

१ सप्टेंबर १९२३ च्या तोक्योकडे बघा. भूकंपानंतर होन्जो भागातल्या एका मोठ्या रिकाम्या मैदानावर लोक सामानसुमान घेऊन जमले. आगीची वावटळ आली आणि तिथेच सुमारे ३८,००० माणसं मेली. त्याच शहरात कियोसुमी बागेत झाडं आणि तळ्याच्या आडोशाला हजारो जण वाचले. जागा दोन्हीकडे होती. झाडं आणि पाणी एकीकडेच होतं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे साधा नियम असतो : जो बॅकअप कधी रिस्टोर करून पाहिला नाही, तो बॅकअप नाहीच. आपलं कॅम्पस हा शहराचा असाच न तपासलेला बॅकअप आहे. मी जिथे इंजिनिअरिंग केलं, तिथलं मैदानाकडचं गेट चारही वर्षं कुलूपबंद होतं. किल्ली कोणाकडे, हे वॉचमनलाही ठाऊक नव्हतं.

कोणी म्हणेल, आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आहे, प्रशासन जागा ताब्यात घेऊ शकतं. घेऊ शकतं, मान्य. पण १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि १९९३ चा किल्लारीचा, दोन्ही पहाटे चारच्या आसपास झाले. त्या वेळी कायदा किल्ली शोधायला येणार आहे का?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा : "गेट उघडलं की कोणीही घुसेल." रोज उघडा असं कोण म्हणतंय? वस्तीच्या बाजूला रुंद आपत्कालीन गेट ठेवा, त्याच्या किल्ल्या तीन ठिकाणी ठेवा. इमारतींपासून पुरेसं लांब मैदान राखा, त्यावर पार्किंग नको. कडेला दाट झाडं, वीज गेली तरी चालेल असा हातपंप, सौरदिवे, तात्पुरत्या शौचालयांची सोय. आणि वर्षातून एकदा वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन सराव. यातलं काहीही रॉकेट सायन्स नाही. लॉन आणि सेल्फी पॉइंटसाठी पैसे निघतात, तर यासाठीही निघतील.

तुम्ही विद्यार्थी असाल तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. विद्यापीठाच्या भूकंप आराखड्याची प्रत आणि शेवटच्या सरावाची तारीख मागा. उत्तरात दोन्ही नसतील, तर तो कागद घेऊन कुलगुरूंच्या दारात उभे राहा. धक्का बसल्यावर हा प्रश्न विचारायला वेळ मिळणार नाही.