रोजा तिचा, ताटही तिचं

रमजान जवळ आला की आधी भूक लागते ती वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना. मोहम्मद अली रोडवरचे कबाब, मिनारा मशिदीजवळचे मालपुवे, नळी निहारी आणि फिरनी यांचे रंगीत फोटो पानभर छापून येतात. शेजारी एक चौकट असते, ‘रमजानमध्ये तब्येत कशी सांभाळाल?’ भरपूर पाणी प्या, तळलेलं टाळा, फळं खा, पुरेशी झोप घ्या. सल्ला चुकीचा नाही. पण तो वाचताना असं वाटतं, की रोजा ठेवणारा म्हणजे ताट आयतं समोर येणारा कुणीतरी माणूस. त्या चौकटीत सहरी रांधणारी बाई कुठेच नसते. रोजा तर तीही ठेवते.

म्हणून या अंकाच्या संपादकीयात रमजानच्या आहाराबद्दल लिहायचं ठरवलं, पण सुरुवात ताटापासून न करता ताट वाढणारीपासून.

गोवंडी, मुंब्रा, भिवंडी किंवा मालेगावच्या वस्तीतल्या बाईचा रमजानचा दिवस मांडून बघा. मार्चच्या सुरुवातीला मुंबईत सहरी साधारण पहाटे पावणेसहाच्या आत संपवावी लागते आणि इफ्तार संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला होतो. म्हणजे उपवास १३ तासांचा. घरच्यांना पाच वाजता गरम जेवण हवं, तर ती चारला उठते. नळाला पाणी पहाटेच येत असेल तर त्याहून आधी. दुपारी शिलाई, जरीकाम, मणी ओवणं असतंच. ईद जवळ आल्यामुळे हे काम वाढलेलं असतं आणि नगावर पैसे असल्यामुळे ते सोडवत नाही. चार वाजल्यापासून इफ्तारची तयारी. पुरुष तरावीहची नमाज आटोपून आले की पुन्हा जेवण. भांडी, ओटा, उद्याचे चणे भिजत घालणं. अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत बारा. झोप झाली चार तास. त्या चार तासांवर पुन्हा १३ तासांचा रोजा.

आणि ती स्वतः जेवते कधी? आमच्या आरोग्य-बैठकांत हा प्रश्न विचारला की बाया आधी हसतात, मग हळूहळू बोलतात. सहरीला सगळ्यांना वाढून होईपर्यंत वेळ संपत आलेली असते. मग चहात पाव किंवा खारी बुडवून दोन घास, वर घोटभर पाणी. इफ्तारला खजूर तोंडात टाकून ती पुन्हा भज्यांच्या कढईशी. रात्री बोटी इतरांच्या ताटात गेलेल्या असतात, तिच्या वाट्याला रस्सा आणि उरलेली पोळी.

या बाईच्या अंगात रक्त किती असतं? २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. हा आकडा सगळ्या जातीधर्मांच्या बायांचा आहे. शेवटी जेवण्याची रीत कुठल्या एका धर्माची नाही, हे त्यावरून कळावं.

आता सवलतीबद्दल. धर्माने रोजा फर्ज केला, तशी सवलतही दिली. आजारी माणसाने आणि प्रवाशाने रोजा सोडून तेवढे दिवस नंतर भरून काढावेत, हे खुद्द कुराणात आहे, आणि देवाला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको, अशा आशयाचं वचनही तिथेच आहे. पाळीच्या दिवसांत रोजा ठेवायचाच नसतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची काळजी वाटत असेल तर तिलाही सूट आहे. तिने नंतर नुसता रोजा भरून द्यावा की सोबत फिदया म्हणून गरिबाला जेवू घालावं, याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. सवलतीबद्दल नाहीत.

मग गरोदर बाया रोजे का ठेवतात? केवळ अज्ञान म्हणून हे कोडं सुटत नाही. सूट आहे हे बहुतेकींना माहीत असतं. पण सुटलेल्या रोज्यांचं ओझं मनावर राहतं. दर वर्षी पाळीचे पाच-सात रोजे सुटतात. एखादी बाई तीन बाळंतपणांत गरोदरपण आणि अंगावरचं दूध धरून चार-पाच रमजान रोज्याविना राहिली, तर तिच्यावर सव्वाशे-दीडशे रोज्यांचं कर्ज चढतं. रमजानमध्ये सगळा मोहल्ला सोबत असतो. नंतरचा कजा रोजा एकटीचा. घरातले सगळे दुपारी जेवणार, तिने उपाशीपोटी त्यांना रांधून वाढायचं, आणि पहाटे सहरीला तिला उठवायलाही कुणी नाही. त्यापेक्षा आत्ताच सगळ्यांबरोबर ठेवून टाकलेला बरा, हा तिचा हिशेब आहे. तो समजून घेतल्याशिवाय ‘सूट आहे ना, मग घे की’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

या हिशेबाला उत्तर आहे. कजा रोजे सलग ठेवावेच लागतात असं नाही. आठवड्यातून एक-दोन, शक्यतो डिसेंबर-जानेवारीच्या लहान दिवसांत ठेवता येतात. पण त्यासाठी घराने साथ द्यायला हवी. तिच्या कजा रोज्याच्या दिवशी नवऱ्याने किंवा मोठ्या मुलाने दुपारचं जेवण बघितलं, सासूने किंवा जावेने तिच्याबरोबर एखादा रोजा ठेवला, तर ओझं वाटलं जातं. पैगंबर घरकामाला हात लावत, आपले जोडे आपणच शिवत, असं हदीसमध्ये सांगितलं आहे. जुम्म्याच्या बयानात याची आठवण करून दिली जावी, असा आग्रह मोहल्ल्यातल्या बायांनी का धरू नये?

दुसरी गोष्ट चोरून खाण्याची. पाळी आलेली मुलगी रोजा ठेवत नाही, पण भावाबापासमोर पाणीही पीत नाही. न्हाणीघरात उभ्याने दोन बिस्किटं खाते, सहरीला सगळ्यांबरोबर उठून बसते, म्हणजे कुणाला कळू नये. रोजा नसूनही उपास मात्र घडतो, तोही नेमका रक्त जात असतानाच्या दिवसांत. काहीजणी तीसही रोजे पुरे व्हावेत म्हणून दुकानातून गोळ्या आणून पाळीच पुढे ढकलतात. गणपतीला, सत्यनारायणाला, लग्नकार्याला हिंदू घरांतून ज्या गोळ्या घेतल्या जातात त्याच या. या गोळ्यांत संप्रेरक असतं. ज्यांना पूर्वी रक्तात गाठ झाली होती, ज्यांना यकृताचा आजार आहे, स्तनाचा कर्करोग आहे, त्यांना या घातक ठरू शकतात. दिवस राहिल्याची शंका असताना तर घेऊच नयेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय, शेजारणीच्या पाकिटातून, कधीच घेऊ नयेत. शरीराचा जो नियम धर्मानेच मान्य करून सूट दिली आहे, तो लपवायची लाज कुणी शिकवली, हे आपण मायलेकींनी एकमेकींशी बोलायला हवं.

आता ताटाकडे येऊ. महाग काही लागत नाही. सहरीला नुसता चहा-पाव, खारी किंवा दुधातली फेनी खाल्ली तर मैदा आणि साखर लवकर पचतात आणि दहा-अकराला पोटात खड्डा पडतो. त्याऐवजी ज्वारी-नाचणीची भाकरी किंवा गव्हाची पोळी, घट्ट डाळ, मोडाची मटकी, एखादं अंडं, वाटीभर दही, एक केळं, यातलं जे जमेल ते. लोणचं, पापड, खारवलेलं सहरीला नको, दिवसभर तहान लागते. मिश्री आणि तंबाखूही नको. रोज्यात १३ तास तिच्याशिवाय राहता येतं, तर कायमची सोडायला याहून चांगला महिना नाही.

इफ्तारला दोन-तीन खजूर आणि पाणी, मग पपई, पेरू, कलिंगड यांतलं जे स्वस्त असेल ते फळ. उकडलेल्या काळ्या चण्यांवर कांदा, कोथिंबीर आणि भरपूर लिंबू पिळून खाल्लं तर चण्यातलं लोह अंगी लागतं. लगेच वर चहा प्यायलं तर तेच लोह वाया जातं. चहा तासाभराने घ्यावा. भजी, समोसे रोज नकोत, आणि कालचं तेल आज पुन्हा उकळायला नको. सणाचा पदार्थ हवाच असेल तर आपला खिचडा किती गुणाचा आहे! गहू, डाळी आणि मटण एकाच भांड्यात. फक्त त्यातली बोटी तिच्या ताटातही पडली पाहिजे.

पाण्याची गोष्ट मात्र ताटावर संपत नाही. इफ्तार ते सहरी या वेळात थोडं थोडं करून आठ-दहा पेले पाणी पोटात जायला हवं. पण वस्तीतली बाई रात्री मुद्दाम पाणी पीत नाही. सार्वजनिक संडास लांब, दिवा बंद, दाराला कडी नाही. रात्री उठावं लागू नये म्हणून ती तहानलेली झोपते आणि दिवसभर रोजा असतो. मग लघवीची जळजळ आणि ताप. मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम २०११ पासून बायकांच्या मुताऱ्यांचा प्रश्न मांडत आली आहे. रमजानच्या रात्री वस्तीतला संडास उजेडात आणि उघडा असणं, ही त्याच मागणीतली एक बाजू आहे. वॉर्ड ऑफिसला अर्ज देताना तसं लिहा.

औषधांबद्दलही थोडं स्पष्ट बोलू. गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळी अनेकजणी रमजानमध्ये बंदच करून टाकतात. रोजा असो वा नसो, ती चालू ठेवायची. रोजा असेल तर इफ्तारनंतर दोनेक तासांनी घ्यायची, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीपासून लांब. क्षयरोगाचं औषध एक दिवसही चुकवायचं नाही. दिवसातून एकदाच घ्यायचं असतं, वेळ डॉक्टर बदलून देतात. मधुमेह असलेल्यांनी रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांचं आणि इन्सुलिनचं गणित बसवून घ्यावं. २००१ साली भारतासह १३ देशांत झालेल्या एका अभ्यासात रमजानमध्ये साखर एकदम उतरण्याचं गंभीर प्रमाण वाढलेलं दिसलं होतं. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, घाम फुटला, हातपाय थरथरले, तर रोजा लगेच सोडायचा. गरोदर बाईला चक्कर आली, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, लघवी फार कमी झाली, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर घड्याळाकडे बघायचं नाही. पाणी प्यायचं आणि दवाखाना गाठायचा.

हे सगळं लिहिताना एक भान आहे. मुस्लिम बाईबद्दल बोलायला आज अनेकजण उत्सुक असतात, आणि त्यातल्या पुष्कळांना तिच्यापेक्षा तिच्या समाजाला झोडपण्यात रस असतो. आपल्याला तसं बोलायचं नाही. रोजा ही तिची श्रद्धा आहे, वर्षातला तिचा आवडता महिना आहे, आणि तो तिने आनंदाने पार पाडावा यासाठीच हे लिहिलं. हरितालिकेला निर्जळी राहून घरच्यांना पुरणपोळी वाढणारी बाई हा मजकूर वाचेल, तेव्हा तिला तो परका वाटणार नाही.

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०१७ आणि २०१८ मध्ये तो मे-जूनच्या काहिलीत आला होता, तेव्हा रोजा साडेचौदा तासांचा होता. आता तो थंडीकडे निघाला आहे. २०३० मध्ये तर एकाच वर्षात जानेवारीत आणि डिसेंबरअखेर असा दोनदा सुरू होईल. घरातल्या सवयी बदलायला ही सोपी वर्षं हाताशी आहेत. शिवाय २०२५ मध्ये आठ मार्च रमजानमध्येच आला, २०२६ मध्येही तसंच. महिला दिनाचा कार्यक्रम संध्याकाळी घेऊन शेवटी सगळ्यांनी मिळून इफ्तार करायचा, आणि त्या दिवशी वाढायचं काम पुरुषांनी करायचं, असं आपल्या गटांना सहज जमेल. त्याआधी वस्तीतल्या आशाताई, एक डॉक्टर आणि एक मौलाना यांना एकत्र बसवून गरोदर बायांची बैठक घ्या. सवलत आणि तब्येत या दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी, एकाच ठिकाणी, तिच्या भाषेत ऐकू येऊ द्या.

तुमच्या घरात सहरीला सगळ्यात शेवटी कोण जेवतं आणि तिच्या ताटात काय असतं, ते आठवडाभर लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. पत्रं मराठीत, उर्दूत, हिंदीत, कशीही चालतील. पुढच्या अंकात ती छापू.

सगळ्या मैत्रिणींना रमजान मुबारक.