सोनेरी बाहुल्याचा जमाखर्च

इंग्रजी साहित्याच्या विभागांतून एलिझाबेथकालीन रंगभूमी शिकवताना ‘शेक्सपिअर इन लव्ह’ हा चित्रपट दाखवण्याची प्रथा आता बरीच जुनी झाली आहे. आम्हीही ती पाळली. पडदा उजळण्यापूर्वी चित्रपटाची ओळख करून देताना एक वाक्य हमखास उच्चारले जाते : या चित्रपटाला सात ऑस्कर मिळाली आहेत. आम्ही ते एकदा नव्हे, अनेकदा उच्चारले आहे, आणि प्रस्तुत लेखाचे कारण ते वाक्यच आहे. त्या वाक्याने आम्ही विद्यार्थ्यांना नेमके काय सांगत होतो? चित्रपट चांगला आहे, हे? मग तो चांगला का आहे हे सांगण्याचे आमचे काम आम्ही दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात घालून मोकळे होत होतो. तो दुसरा कोण, त्याने निवाडा कसा केला, निवाड्याआधी त्याच्या दारी कोण कोण येऊन गेले, याची चौकशी करावी असे आम्हाला कधी वाटले नाही. कवितेतल्या एका अनुस्वारावरून तासभर भांडणारी आम्ही मंडळी!

तर आता ती चौकशी करू. १९९८ च्या जुलैत स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ प्रदर्शित झाला आणि पुढचे ऑस्कर त्याचेच, असे हॉलीवुडने मनोमन ठरवून टाकले. ‘शेक्सपिअर इन लव्ह’ आला डिसेंबरात. २१ मार्च १९९९ च्या समारंभात दिग्दर्शनाचे पारितोषिक स्पीलबर्गला मिळाले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पाकीट उघडले तेव्हा नाव निघाले भलतेच. मधल्या तीन महिन्यांत हार्वी वाइनस्टीन व त्याची मिरामॅक्स कंपनी यांनी जे केले, त्याला प्रचारमोहीम म्हणतात. चित्रव्यवसायाच्या वृत्तपत्रांतून ‘आपल्या विचारार्थ’ या विनम्र शीर्षकाखाली पानेच्या पाने जाहिराती, पगारी प्रसिद्धितज्ज्ञांची फौज, मतदारांसाठी खास खेळ, मेजवान्या, दूरध्वनी. प्रतिस्पर्धी चित्रपटाची पहिली काही मिनिटे सोडली तर त्यात उरते काय, अशी कुजबुजही पसरवली गेल्याचा आरोप झाला. कंपनीने तो नाकारला. या मोहिमेच्या खर्चाचे आकडे पन्नास लाख डॉलरपासून दीड कोटी डॉलरपर्यंत सांगितले गेले. हरलेल्या ड्रीमवर्क्सने नीतिमत्तेचा टाहो काही काळ फोडला आणि मग शहाणपणाने तोच मार्ग धरला. पुढील दोन वर्षांत ‘अमेरिकन ब्यूटी’ आणि ‘ग्लॅडिएटर’ यांच्यासाठी त्या कंपनीनेही जंगी मोहिमा चालवल्या व दोन्ही वेळा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवला.

वाइनस्टीनला अकादमीने २०१७ च्या ऑक्टोबरात काढून टाकले. पुढे तो लैंगिक गुन्ह्यांबद्दल तुरुंगात गेला. अकादमीने माणूस हाकलला. त्याची पद्धत मात्र घरातच ठेवून घेतली आहे.

अर्थात ही पद्धत त्याने शोधलेली नव्हे. अकादमीची स्थापना १९२७ सालची. दुसऱ्याच खेपेला, १९३० साली, अभिनेत्री मेरी पिकफर्डने निवाडा करणाऱ्या मोजक्या परीक्षकांना आपल्या ‘पिकफेअर’ या निवासस्थानी चहाला बोलावले आणि ‘कोकेट’मधील भूमिकेसाठी तिला पारितोषिक मिळाले. बाई अकादमीच्या संस्थापक सभासदांपैकीच होत्या, हे सांगायला हवे. बोभाटा झाला, आणि मतदानाचा अधिकार परीक्षकांच्या छोट्या मंडळाकडून सर्व सभासदांकडे गेला. उपाय लोकशाहीचा होता खरा. त्याचा परिणाम एवढाच झाला की आता पाच जणांऐवजी शेकडो जणांना चहा पाजणे भाग पडले. १९६१ साली ‘द अलामो’ या जॉन वेनच्या चित्रपटासाठी जी मोहीम झाली तिच्यात चिल विल्स या सहायक नटाच्या बाजूने अशी जाहिरात आली, की अलामोच्या गढीत वेढले गेलेल्या टेक्सासच्या वीरांनी आपल्या प्राणांसाठी केली नसेल इतक्या कळकळीने आमची नटमंडळी विल्सच्या विजयासाठी प्रार्थना करीत आहेत. ती वाचून हॉलीवुडलाही लाज वाटली. विल्सच्याच दुसऱ्या एका जाहिरातीत सगळ्या मतदारांना ‘भावंडे’ म्हटले होते. त्यावर ग्राउचो मार्क्सने उलट जाहिरात देऊन कळवले, की आपले भावंड असल्याचा आनंद आहे, पण मत मी दुसऱ्याला दिले आहे. विल्स हरला. तेव्हा पैसा ओतला की बाहुला हाती येतोच, असे कुणी म्हणत असेल तर ते खोटे आहे, आणि आमचे म्हणणे तसे नाही.

इथेच घोडे पेंड खाते. ‘ऑस्कर विकत मिळते’ हे वाक्य चहाच्या टपरीवर खपून जाते, पण त्याने काही समजत नाही. मतदाराचे हात कुणी ओले करीत नाही. मग एवढा पैसा कशावर खर्च होतो? तो मतदाराच्या वेळावर खर्च होतो. दरवर्षी शेकडो चित्रपट स्पर्धेला पात्र ठरतात. मतदार स्वतः याच धंद्यातला, कामात बुडालेला माणूस. तो त्यांपैकी मूठभर पाहतो. कोणते मूठभर, हे ठरवण्यासाठी लाखो डॉलर लागतात. एकदा त्या मुठीत शिरले की पुढचे मत तो प्रामाणिकपणे देतो, यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. पण जे पाहिलेच गेले नाही त्याच्या बाबतीत प्रामाणिकपणाचा उपयोग काय? अकादमीने २०२५ च्या एप्रिलमध्ये एक नियम जाहीर केला : अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचे त्या विभागातील सर्व नामांकित चित्रपट मतदाराने पाहिलेले असले पाहिजेत. बहुतेक विभागांना हे बंधन तोवर नव्हतेच. ९८ व्या पारितोषिकांच्या वेळी हा नियम करावा लागतो, याचा अर्थ आधीच्या ९७ खेपांबद्दल काय लावायचा? उत्तरपत्रिका न वाचता गुण देणाऱ्या परीक्षकाला आपल्या विद्यापीठांत निदान नोटीस तरी येते.

साहित्याच्या माणसांना झोंबावे असे एक उदाहरण १९९५-९६ चे आहे. ‘इल पोस्टिनो’ हा इटालियन चित्रपट आपल्यापैकी अनेकांचा आवडता आहे. पाब्लो नेरुदा आणि त्याला पत्रे पोहोचवणारा साधा पोस्टमन यांचे नाते, रूपकालंकार म्हणजे काय हे त्या पोस्टमनला हळूहळू उमगणे, चित्रीकरण संपताच झालेला प्रमुख नट मासिमो त्रोइझी याचा मृत्यू. अमेरिकेत तो वितरित करणाऱ्या मिरामॅक्सने ज्यूलिया रॉबर्ट्स, मडोना आदी ख्यातनाम मंडळींकडून नेरुदाच्या कविता वाचून घेतल्या व त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. परभाषेतल्या या छोट्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच नामांकने मिळाली. प्रत्यक्ष पारितोषिक मिळाले ते संगीताचे. कवितेला असा श्रीमंत प्रचारक मिळाला म्हणून आनंद मानावा की कवितेला प्रचारकाच्या पखालीचे ओझे वाहावे लागले म्हणून खेद? आमच्यात याबद्दल एकमत नाही. एवढे मात्र खरे, की त्या वर्षी इतर भाषांत झालेल्या किती चांगल्या चित्रपटांच्या मागे असा दाता उभा नव्हता, याची नोंद कुठेच नाही.

प्रचाराचे समर्थक म्हणतील, प्रचारामुळेच तर छोटा चित्रपट मोठ्यांच्या पंगतीला बसतो. शॉन बेकरचा ‘अनोरा’ पाहा; साठ लाख डॉलरमध्ये झालेल्या त्या चित्रपटाने २ मार्च २०२५ ला पाच ऑस्कर मिळवली. खरे आहे. पण त्याच चित्रपटाच्या प्रसिद्धी व प्रचारावर त्याच्या वितरकाने सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्च केल्याचे वृत्त आहे, म्हणजे निर्मितीच्या तिप्पट. लग्नापेक्षा वरात महाग! आणि याला आपण छोट्या चित्रपटाचा विजय म्हणतो. दुसरे उदाहरण अँड्रिया राइझबरो हिचे. ‘टू लेस्ली’साठी २०२३ मध्ये तिला नामांकन मिळाले ते जवळजवळ पैशावाचून, दिग्दर्शकाच्या परिचयातील नटनट्यांनी आपल्या परिचितांना पत्रे लिहिली, समाजमाध्यमांवर स्तुती केली. अकादमीने लगेच चौकशी लावली. नामांकन रद्द झाले नाही, पण जाहिरातींची पाने विकत घेणाऱ्यांची चौकशी होत नाही आणि फुकटात स्तुती करणाऱ्यांची होते, हे पाहण्यासारखे आहे. अर्थात ‘फुकटात’ हा शब्दही जपूनच वापरायला हवा. ज्यांच्या शब्दाला हॉलीवुडात वजन आहे असे मित्र असणे हीदेखील ठेवच असते, आणि ती सोलापूरच्या किंवा सॅंटियागोच्या दिग्दर्शकाकडे नसते.

राहता राहिला तो लोकशाहीचा युक्तिवाद : निवडणूक आली की प्रचार आलाच. ठीक. पण आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराच्या खर्चालाही, कागदोपत्री का होईना, मर्यादा आहे. अकादमीच्या नियमावलीत खानपानाचे नियम आहेत, मतदारांना पाठवायच्या ई-मेलींचे नियम आहेत. एकूण किती खर्चावे, याला मर्यादा नाही. २००३ साली अमेरिकेतील बड्या स्टुडिओंच्या संघटनेने चोरटेपणाच्या भीतीचे कारण सांगून मतदारांना चित्रपटांच्या प्रती पाठवण्यावर बंदी घातली तेव्हा छोटे निर्माते न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले आणि त्यांनी बंदीला स्थगिती मिळवली. चित्रपट पाहिला जाणे हीच खरी लढाई आहे, हे त्यांना समीक्षकांच्या आधी कळले होते. पुढे तबकड्या गेल्या आणि अकादमीचा स्वतःचा आंतरजालीय पडदा आला. त्यावर चित्रपट ठेवण्याचे शुल्क आरंभी १२,५०० डॉलर होते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे जुने झाले. आता पारध्याला रानात शिरण्याचेही भाडे भरावे लागते.

मराठी माणसाने हे सारे दुरून पाहिलेले नाही. २००४ साली संदीप सावंत यांचा ‘श्वास’ भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला. ‘श्यामची आई’नंतर प्रथमच मराठी चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले होते, अभिमान वाटणे स्वाभाविक होते. लॉस एंजेलिसमध्ये प्रचार करायचा तर पैसा हवा, म्हणून महाराष्ट्रात वर्गणी सुरू झाली. सरकारने मदत दिली, संस्थांनी दिली, शाळकरी मुलांनी पैसे जमवले. त्या मुलांची किंवा चित्रपटकर्त्यांची थट्टा करण्याची आमची इच्छा नाही. मार्ग तोच होता आणि तो त्यांनी आखलेला नव्हता. तीनच वर्षांपूर्वी ‘लगान’साठी आमिर खान आणि आशुतोष गोवारीकर तिकडे ठाण मांडून बसले होते, आणि त्यांच्यामागे सोनीसारखा वितरक होता. तरीही पारितोषिक बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’ला गेले. ‘श्वास’ला तर नामांकनही मिळाले नाही. मुलांच्या खाऊच्या पैशातून आपण परक्या शहरातील काही सभासदांची एक संध्याकाळ मागत होतो, हे तेव्हा कुणी स्पष्ट म्हटले नाही, आम्हीही नाही. पुढे ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ व ‘कोर्ट’ हेही त्याच दारापर्यंत जाऊन आले. ‘आरआरआर’मधील गाण्याने मार्च २०२३ मध्ये ऑस्कर जिंकले तेव्हा खर्च ऐंशी कोटींचा की साडेआठ कोटींचा, हा वाद गाण्यापेक्षा अधिक काळ वाजत राहिला.

साहित्याच्या क्षेत्रात आपण याहून वेगळे आहोत, अशी समजूत कुणी करून घेऊ नये. साहित्य संमेलनाचा अध्यक्ष हजारभर मतदारांच्या मतांनी निवडला जात असे तेव्हा उमेदवारांची पत्रे, दौरे, शिफारशी आणि ‘फिल्डिंग’ हा शब्द आपल्या अंगवळणी पडला होता. २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून निवडणूक गेली. फिल्डिंग गेली की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

पारितोषिके बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. ती बंद होणार नाहीत आणि धंद्याला त्यांची गरजही आहे. आमची तक्रार समीक्षेशी आहे. प्रबंधांच्या प्रस्तावनांत, अभ्यासक्रमांच्या समर्थनांत, परीक्षणांच्या पहिल्या परिच्छेदांत पारितोषिकांची यादी पुरावा म्हणून येते, आणि पुढचा विचार तिथेच थांबतो. कुणीतरी पैसे मोजून दुसऱ्याचे लक्ष वेधले आणि त्या लक्षाचा आपण निष्कर्ष केला.

‘श्वास’च्याच वर्षीचे उदाहरण घ्या. परभाषी चित्रपटाचे ऑस्कर त्या खेपेस स्पेनच्या ‘द सी इनसाइड’ला मिळाले. मानेखालचे शरीर निकामी झालेला माणूस त्यात मरण्याचा हक्क मागतो. ‘श्वास’मध्ये कर्करोगाने डोळे जाणार असलेल्या नातवाला आजोबा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतात आणि त्याला जग दाखवून आणतात. दोन्ही चित्रपटांत शरीराचा निर्णय कुणाचा, हा प्रश्न आहे. एकात रुग्ण तो न्यायालयाकडे मागतो, दुसऱ्यात मुलाला तो विचारलाच जात नाही. माधवी घारपुरे यांच्या कथेतून पडद्यावर येताना त्या आजोबांचे मौन कुठे वाढले, कुठे आटले? डॉक्टर त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलतो? हे दोन चित्रपट शेजारी ठेवून लिहिलेला लेख आमच्या वाचनात आला नाही. किती लाख जमले याची कात्रणे मात्र आमच्याकडे गठ्ठाभर आहेत. तो लेख लिहायला वर्गणीची गरज नव्हती. आजही कुणी लिहून पाठवला तर या पानांवर आम्ही तो आनंदाने घेऊ.