तलावातील मासळी व कास्तकारांचे कर्तव्य

पूर्व विदर्भातील धानाच्या मुलुखात तलावाकडे पाहण्याची आपणा कास्तकारांची दृष्टी बहुधा एकच असते. पाळीस पाणी किती लागले व ते कोणत्या बांधीपर्यंत पोहोचेल, एवढाच विचार आपण करितो. त्यात गैर काही नाही. तलाव बांधिले गेले ते धानासाठीच. परंतु त्याच पाण्यात दुसरे एक पीक उभे असते, ज्याची आणेवारी कोणी काढीत नाही. ते पीक मासळीचे होय. ते खालावत चालले आहे ही गोष्ट कोणीही वृद्ध ढिवर सांगेल. मात्र हे दुखणे ढिवरांच्या सोसायटीचे आहे, आपले नव्हे, अशी समजूत आपल्या वर्गात रूढ आहे. ही समजूत सोडावी, एवढ्यासाठीच हा लेख.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून जुने मालगुजारी तलाव ६,५०० हून अधिक आहेत. त्यांतील पुष्कळ कोहळी समाजाच्या हातचे. नवेगाव बांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला, असे परंपरा सांगते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली व तलाव सरकारजमा झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदांकडे आले, मोठे पाटबंधारे खात्याकडे राहिले. पाण्याचा अधिकार एकाकडे, मासळीचा ठेका दुसऱ्याकडे, आणि तलावाच्या पोटातील उघड्या पडणाऱ्या जमिनीवर डोळा तिसऱ्याचा, अशी वाटणी होऊन बसली. तलाव एक असता धनी तीन झाले, आणि राखणदार मात्र एकही उरला नाही.

मासळी वाढविण्याचा सरकारी मार्ग म्हणजे बीज सोडणे. कटला, रोहू व मृगळ या जाती साचल्या पाण्यात आपण होऊन अंडी घालीत नाहीत. त्यांस पुराचे वाहते पाणी लागते. १९५७ साली ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी घालविण्यात यश मिळविले, व तेव्हापासून बीज हवे तेव्हा मिळू लागले. हा शोध मोठा खरा, आणि ढिवरांच्या घरी त्याने चार पैसे आणिले हेही नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दरसाल विकत घ्यावे लागणारे बीज हेच सर्वस्व मानल्याने, जी मासळी फुकट उपजत होती तिचा विसर पडला. त्यात गवत्या व सायप्रिनस यांची भर पडली. गवत्या पाणवनस्पती फस्त करितो, सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करितो. १९५२ साली देशात आणलेला तिलापी तर थोड्याच महिन्यांत प्रजोत्पादन करू लागतो, आणि तलाव बोटभर माशांनी भरून टाकितो. आफ्रिकन मागुरावर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली असताही त्याचा चोरटा व्यापार थांबला नाही. बाहेरचा मासा पाण्यात सोडणे सोपे. परत काढणे फार कठीण. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाईल पर्च हा हिंस्र मासा शिरकाविला गेला, आणि पुढील तीन-चार दशकांत तेथील शेकडो लहान जाती दिसेनाशा झाल्या.

तलाव निरोगी आहे की नाही हे जाळ्यातील वजनावरून ठरत नाही. लहान-मोठे, तळचे-वरचे, शाकाहारी व मांसाहारी असे सर्व मासे त्यात आहेत काय, आणि प्रत्येक जातीत पिल्ले व जुने नर-माद्या दोन्ही सापडतात काय, हे पाहिले पाहिजे. मरळाचेच उदाहरण घ्या. हा मासा वनस्पतींच्या दाटीत जागा साफ करून तेथे अंडी घालितो. पिल्ले फुटली म्हणजे ती तांबूस झुबक्याने पृष्ठभागी फिरतात, व आईबाप काही आठवडे खालून त्यांची राखण करितात. तो तांबडा झुबका पाहून भाला मारणारा मनुष्य एक मरळ घरी नेतो, परंतु उरलेली शेकडो पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. शिंगी व मागूर यांसारखे मासे तर मृगाचा पहिला पूर येताच ओढ्या-पाटांनी वर चढून आपल्या बांध्यांतच अंडी घालितात. म्हणजे तलावाच्या मासळीचे बाळंतघर आपल्या सातबाऱ्यावर आहे! त्या आठ-पंधरा दिवसांत पाटाच्या तोंडाशी जाळे वा मच्छरदाणी लावून गाभोळीने भरलेले मासे पाटीभर धरणारे बहुधा आपल्याच घरची पोरे असतात, आणि आपण ती मौज म्हणून पाहतो.

येथे कोणी विचारील, धान वाळत असता मासळीसाठी पाणी राखावे काय? माझे उत्तर स्पष्ट आहे. हस्ताचा पाऊस हुकला तर पाणी धानासच द्यावे. त्यात वाद नाही. प्रश्न आहे तो उन्हाळी धानाचा. तुडुमाच्या तळच्या छिद्राखालचे पाणी पूर्वी आपोआप शिल्लक राही. तेथे जुने मासे उन्हाळा काढीत. आता ते पाणीही पंपाने खेचिले जाते. चार एकरांच्या उन्हाळी पिकासाठी तलावाचे बियाणे मारणे हा हिशेब कोणत्या शहाण्या कास्तकारास पटेल? स्वतःच्या कोठीतील बियाण्याचे धान आपण कांडून खातो काय?

औषधांविषयीही तेच. धानावर फवारली जाणारी सिंथेटिक पायरेथ्रॉईड वर्गातील कीटकनाशके माशांस अत्यल्प प्रमाणातही मारक आहेत. तरीही रिकामे डबे व पंप पाटात वा तलावाच्या काठी धुण्याची खोड गावोगाव आहे. युरिया व स्फुरद बांधीतून वाहून तलावात गेले म्हणजे शेवाळ माजते. ढगाळ, निर्वात रात्री ते पाण्यातील प्राणवायू शोषून घेते, व पहाटे मासे वर तोंड काढून मरतात. लोक म्हणतात, कोणी विष घातले. विष घालणारा पुष्कळदा खताचे पोते उलगडणारा असतो.

गाळ काढण्याच्या योजनेचा लाभ आपण आनंदाने घेतो, व घ्यावा. २०१७ पासून सरकारने या कामास चालना दिली आहे. परंतु यंत्राने सारा तलाव काठापासून उभा कापला तर उथळ कड नाहीशी होते, आणि कमळ, देवधान व बुडीत गवते जेथे रुजतात ती जागाच उरत नाही. गाळ मध्यभागाचा काढावा, कड उतरती राखावी. उलट बेशरम मात्र मुळासकट उपटावी. तिने पाणी अडते व तिच्या छायेत दुसरे काही वाढत नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडे काही ढिवर सोसायट्यांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साह्याने, बेशरम काढून तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लाविल्या, व मूळच्या जातींची मासळी परत येऊ लागली. त्यांच्या बायकांनी चिखलात उभे राहून हे काम केले. त्या वेळी किती कास्तकार कुदळ घेऊन उतरले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

ढिवर सर्वस्वी निर्दोष आहेत असे नव्हे. बारीक घराची जाळी तेही वापरतात, आणि ठेक्याची मुदत सरत आली म्हणजे तलाव खरवडून काढण्याचा मोह त्यांसही होतो. पण ज्याच्या हाती पुढील सालाची खात्री नाही, त्याने पुढील सालासाठी मासा राखावा ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? कुळाच्या हाती जमीन सालाच्या करारावर असे तेव्हा तो शेणखत घालीत नसे, हे आपणास ठाऊक आहे.

मृगापूर्वीच्या ग्रामसभेत तीन ठराव मांडता येतील. पहिल्या पुरापासून पंधरा दिवस पाटांच्या तोंडी जाळे लावू नये. तुडुमाखालचे पाणी कोणीही पंपाने उपसू नये. औषधाचे पंप धुण्यासाठी तलावापासून दूर एक खड्डा नेमावा. ठराव ढिवर सोसायटीच्या पंचांना बरोबर घेऊन लिहावा, आणि त्यावर पहिली सही गावातील सर्वांत मोठ्या खातेदाराची असावी.