अक्षयनीवीचा धडा

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिली असतील. शंभराहून अधिक लेण्यांचा हा विहारसमूह कोणा एका राजाच्या तिजोरीतून उभा राहिला नाही. कल्याण, सोपारा, नाशिक येथील व्यापारी, कारागीर, गृहस्थ आणि भिक्षुणी यांच्या दानातून तो घडला. भिंतींवरील शिलालेखांत त्यांची नावे आजही आहेत.

या लेखांत ‘अक्षयनीवी’ हा शब्द भेटतो. मूळ रकमेला हात न लावता तिच्या व्याजातून खर्च चालविण्याची ही व्यवस्था. नवव्या शतकात गौड देशातून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने येथे शंभर द्रम्मांचे दान दिले. त्याच शतकातील दुसऱ्या लेखात विहाराची दुरुस्ती, वस्त्रे आणि ग्रंथ यांसाठी वेगवेगळ्या रकमा नेमल्या आहेत. लेणे एकदाच कोरावे लागते, जपावे मात्र रोज लागते, हे त्या दात्यांना ठाऊक होते.

आज कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कार्यावर खर्चावे लागतात. वारसाजतन त्या यादीत आहे. इंडियन ऑइल फाउंडेशनच्या साहाय्याने कान्हेरीत झालेल्या पर्यटक-सुविधांचे उद्घाटन १६ मे २०२२ रोजी, बुद्धपौर्णिमेला झाले. त्याबद्दल कृतज्ञताच आहे.

परंतु २०२१ च्या शासकीय स्पष्टीकरणानुसार संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही. पैसा पडून राहू नये, हा हेतू रास्त आहे. तथापि त्यामुळे ज्याचे उद्घाटन करता येते त्या कामाकडे दान वळते. टाकी उपसणे, झिरपणारे पाणी थांबविणे ही नित्याची कामे मागे राहतात. बोरिवलीतीलच मागाठाणे लेणी वस्तीच्या गराड्यात झिजत आहेत. निवासी शाळांचेही असेच आहे. नव्या इमारतीला दाता भेटतो, रोजच्या भोजनगृहाला आणि ग्रंथालयाला क्वचितच.

म्हणून वारसास्थळे व निवासी शाळा यांच्यापुरती, हिशेबतपासणीच्या अटीवर, कायम निधीला मुभा मिळावी, असे माझे मत आहे. तोवर कंपन्यांत अधिकारपदावर असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी देखभालीच्या बहुवर्षीय प्रकल्पांचा आग्रह धरावा. आपल्या व्यक्तिगत दानाला तर हे बंधन मुळीच नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेची छोटीशी अक्षयनीवी आपण आजच सुरू करू शकतो.